थोरली घोरपड आणि तिचा वर : रोलप्लेइंग गेमसाठी महाकाय राक्षस कसा घडवावा

चार खेळाडू, सगळे पाचव्या लेव्हलचे, आणि समोर एकटा हिल जायंट, म्हणजे डोंगरी राक्षस. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, गोष्ट रचत खेळायच्या गेमच्या 2014 च्या नियमांप्रमाणे त्याचे हिट पॉइंट (किती मार झेलतो तो आकडा) 105 आणि आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) 13. मी पहिल्यांदा डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारी डंजन मास्टर, म्हणून बसले तेव्हा हीच लढाई मांडली होती. दोन आठवडे तयारी केली होती, त्याचा आवाज कसा काढायचा याचा सराव केला होता. तिसरा राउंड (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक राउंड) पुरा व्हायच्या आत तो कोसळला. खेळाडू खूश होते, पण कोणी घाबरलं नव्हतं. पुढच्या सेशनला त्याची आठवणही कोणी काढली नाही.

असं का झालं, हे नंतर वहीत हिशेब मांडल्यावर कळलं. पाचव्या लेव्हलचा खेळाडू साधारण +7 ने वार करतो, म्हणजे फाशावरच्या आकड्यात 7 मिळवतो. समोर आर्मर क्लास 13 असेल तर वीस बाजूंच्या फाशावर 6 किंवा जास्त पडलं की वार लागतो, म्हणजे शंभरातले 75 वार लागतात. फायटर, म्हणजे शस्त्राने लढणारा, एका टर्नला दोन वार करतो, सरासरी साडेआठचे. चौघांचं मिळून राउंडला 45 ते 50 नुकसान सहज होतं. जायंटला मात्र राउंडमध्ये एकच टर्न. एकट्याला चौघांनी घेरलं की तो कितीही धिप्पाड असला तरी आटोपतो.

यावर नवखा डीएम आकडे वाढवतो. मीही वाढवले. खूप वर्षं खेळल्यावर आता माझी खात्री झाली आहे की टेबलावरचा राक्षस आकड्यांनी मोठा होत नाही, त्याला मिळालेल्या वराने होतो. त्या वरातली पळवाट खेळाडूंनी स्वतः शोधली, तर ती लढाई ते कित्येक वर्षं एकमेकांना सांगत राहतात.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. हिरण्यकश्यपूला माणूस मारू शकत नाही, पशू मारू शकत नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. म्हणून उंबरठा, तिन्हीसांज आणि नखं. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा राहतो, म्हणजे जितके वार जास्त तितके शत्रू जास्त. कालीने थेंब जमिनीवर पडूच दिला नाही तेव्हा तो संपला. भस्मासुराचा वर तर त्याच्याच डोक्यावर उलटला. या प्रत्येक गोष्टीत वर म्हणजे एक नियम आहे आणि जिंकायचं म्हणजे तो नियम नीट वाचायचा. गेमसाठी याहून चांगला कच्चा माल मला तरी माहीत नाही.

आता आपण एक राक्षस मिळून घडवू. पाचव्या लेव्हलच्या चौघांसाठी.

पहिली पायरी: खरं जनावर घ्या आणि ते वाढवा

शून्यातून विचित्र प्राणी काढायला बसू नका. डंजन्स अँड ड्रॅगन्समधला घुबड-अस्वल, म्हणजे आउलबेअर, आणि लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर हे दोघं गेमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सकडच्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून सुचलेले आहेत. हातात आलेली वस्तू निरखून पाहिली की कल्पना सुचते.

आपण घोरपड घेऊ. दीड मीटर लांब, पाचेक किलोची. तिला वीस पट वाढवली तर लांबी 30 मीटर होते. वजन मात्र वीस पट होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही वीस पट होतात, म्हणून वजन 20 × 20 × 20, म्हणजे 8000 पट होतं: चाळीस टन. हाडांची ताकद त्यांच्या जाडीच्या छेदावर ठरते, आणि ती फक्त 400 पट वाढते. गॅलिलिओने 1638 मध्ये हीच अडचण मांडली होती: प्राणी नुसता मोठा करत गेलं तर एका टप्प्यावर त्याची हाडं त्याचाच भार पेलू शकत नाहीत.

मग आपली घोरपड कड्याला चिकटून कशी राहते? इथे जादू येते. माझा स्वतःचा एक नियम आहे: एका राक्षसात एकच खोटं, बाकी सगळं खरं. जिथे निसर्गाचा नियम मोडावा लागतो, नेमका तिथेच वर ठेवायचा. घोरपडीची ख्याती तिच्या पकडीची आहे, म्हणून वरही पकडीचाच: *जोवर तिचे चारही पाय दगडावर आहेत, तोवर दगडाची ताकद तिच्या अंगात उतरते आणि शस्त्र तिला नीट लागत नाही.*

उरलेलं सगळं खऱ्या घोरपडीकडून घ्या. ती थंड रक्ताची आहे, सकाळी उन्हात अंग शेकल्याशिवाय तिला चपळाई येत नाही. दुभंगलेली जीभ बाहेर काढून ती वास घेते. बिळात शिरली की अंग फुगवून अशी अडकून बसते की ओढून निघत नाही. एकदा पोटभर खाल्लं की तिला सस्तन प्राण्यासारखं रोज खावं लागत नाही. या चार गोष्टी लिहून ठेवा, त्यांतली एकही वाया जाणार नाही.

दुसरी पायरी: भूक

राक्षसाला काय हवं आहे? "सगळं नष्ट करायचं आहे" हे उत्तर चालणार नाही, कारण त्यावरून तो उद्या सकाळी काय करेल हे तुम्हाला सांगता येत नाही. भूक ठोस असली की जनावराचं वेळापत्रक आपोआप तयार होतं. आपली घोरपड महिन्यातून एकदा, अमावास्येला, भरपूर खाते आणि मग कड्यावर पडून राहते. त्यामुळे खालच्या गावाचं आयुष्य अमावास्येभोवती फिरतं.

बकासुराची गोष्ट आठवा. एकचक्रा नगरीने त्याच्याशी ठराव केला होता: गाडाभर अन्न, गाडी ओढणारी जनावरं आणि ती घेऊन जाणारा माणूस. माझ्या अंगावर काटा येतो तो बकासुराच्या सुळ्यांमुळे नाही. गावाने घराघरांच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या आणि लोक त्या पाळीला सरावले होते, याने येतो. तुमच्या राक्षसाच्या आसपास राहणाऱ्या माणसांनी त्याच्याशी काय तडजोड केली आहे, हे आधी ठरवा. अर्धा गेम तिथेच उभा राहतो.

तिसरी पायरी: दिसण्याआधी जाणवू द्या

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि नवख्यांनीही घालवावा, कारण इथे एकही फासा न टाकता भीती तयार होते.

खुणा जनावराच्या स्वभावातून काढा. ज्या कड्याला दरवर्षी आग्यामोहोळं लागतात, तो कडा यंदा रिकामा आहे. माकडं त्या बाजूला फिरकत नाहीत. मेंढरं खिंडीत आली की पाय रोवून उभी राहतात आणि धनगर त्यांना मुद्दाम लांबच्या वाटेने नेतो. कातळावर दोन समांतर ओले पट्टे आहेत, जणू कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून घेतलंय; ती तिची जीभ फिरून गेलेली जागा. यांतली एक खूण पहिल्या सेशनला, दुसरी वाटेत, तिसरी गावात. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीसाठी निदान तीन खुणा ठेवा: खेळाडू एक हुकवतात, एकीचा भलताच अर्थ लावतात, तेव्हा तिसरी कामाला येते.

वराच्या आणि पळवाटेच्या खुणाही इथेच पेरायच्या. गावातली म्हातारी सांगते, "तांबडं फुटायच्या आत पाणी भरून या, तेव्हा ती हलत नाही." एका जुन्या बुरुजावर तुटलेला भाला दगडात रुतलेला आहे, त्याचं पातं वाकलंय. नदीच्या वाळवंटात एक जुनी हाडांची रास आहे, तिच्याच जातीच्या दुसऱ्या जनावराची. म्हणजे हे कुठेतरी, कधीतरी मेलं आहे, आणि मेलं ते वाळूत. खेळाडूंना उत्तर सांगू नका. हाडं दाखवा आणि गप्प बसा.

नावाचंही तसंच. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, "लांबडं" म्हणतात. वाघाला "वाघोबा" म्हणतात. ज्याची खरी भीती वाटते त्याला माणसं दुसऱ्याच नावाने किंवा आदराने हाक मारतात. आपल्या घोरपडीला गावात कोणी घोरपड म्हणणार नाही. तिला "थोरली" म्हणतील. पहिल्या सेशनला खेळाडूंना वाटेल, थोरली म्हणजे कोणाच्या तरी घरची मोठी सून. तो गैरसमज जितका टिकेल तितका टिकू द्या.

प्रत्यक्ष दर्शनाच्या वेळी "तुमच्यासमोर 30 मीटरची घोरपड आहे" असं सांगितलं की सगळं गेलं. एकेक तुकडा दाखवा. कड्याच्या एका भेगेला पापणी आहे. तुम्ही ज्या कपारीवर हात ठेवलाय ती ऊन नसताना कोमट आहे. वरून बारीक खडे घरंगळतायत.

चौथी पायरी: आकडे

आता वही काढा. नवख्यांसाठी माझा साधा हिशेब असा: पार्टी, म्हणजे खेळाडूंचा गट, एका राउंडला सरासरी किती नुकसान करते ते मोजा, लढाई किती राउंड चालावी ते ठरवा, दोन्हींचा गुणाकार करा. राउंडला 45 आणि पाच राउंड, म्हणजे साधारण 225 ते 230 हिट पॉइंट.

आर्मर क्लास मात्र वाढवू नका. 15 ठेवलात तर +7 वाल्याचे शंभरातले 65 वार लागतात. 19 केलात तर 45, 22 केलात तर फक्त 30. आपली टर्न यायची दहा मिनिटं वाट बघायची, फासा टाकायचा आणि "नाही लागला" ऐकायचं, हे तीनदा झालं की माणूस मोबाइल काढतो. वार लागू दे, पण जनावर पुरून उरू दे.

हे 230 एकाच ढिगात ठेवू नका. थोरलीचे चार पाय, प्रत्येकी 25, आणि धड 130. पाय दगडावर असताना धडाला अर्धंच नुकसान होतं. मी इथे पूर्ण अभेद्य कवच देत नाही, कारण वर अजून न ओळखलेल्या खेळाडूलाही काहीतरी घडताना दिसलं पाहिजे: पातं घासलं, ठिणगी उडाली, खवला टवका होऊन पडला. एका पायाचे 25 गेले की त्या पायाची पकड सुटते आणि अर्ध्या नुकसानाचं संरक्षणही जातं. तीन पाय सुटले की ती कड्यावरून खाली येते. पडण्याचा नियम दर दहा फुटांना एक सहा बाजूंचा फासा असा आहे. साठ फुटांवरून पडली तर सहा फासे, सरासरी 21. तिच्या पाठीवर चढलेला खेळाडूही तिच्याबरोबरच पडतो.

आणि ज्या पार्टीने वाळूतल्या हाडांचा अर्थ लावून तिला नदीपात्रात ओढून आणलं, त्यांना पाय फोडावेच लागत नाहीत. त्यांच्यासमोर फक्त 130 आहेत. लढाई तीन राउंडमध्ये संपेल. संपू द्या. त्यांनी ती लढाई आदल्या सेशनलाच जिंकली आहे. ऐनवेळी हिट पॉइंट वाढवून ती लांबवलीत, तर खुणा शोधण्यात अर्थ नसतो एवढंच ते शिकतील.

मारण्याची ताकद ठरवताना खेळाडूंचे आकडे शेजारी ठेवा. पाचव्या लेव्हलच्या फायटरचे हिट पॉइंट 44 च्या आसपास, विझार्डचे (जादूगाराचे) 32. थोरलीचा जबडा सरासरी 22 चा, शेपटी 15 ची आणि शेपटी लागली की पंधरा फूट उडवणारी. दोन्ही एकाच राउंडमध्ये विझार्डवर पडली तर तो आडवा होतो, फायटर मात्र उभा राहतो. हे प्रमाण मला योग्य वाटतं. गिळण्याचा मोह खूप होतो, पण गिळलेल्या खेळाडूला पोटात काहीतरी करायला द्या, नाहीतर तो तासभर नुसता बसून राहील.

पाचवी पायरी: तिला टर्न द्या

सुरुवातीचा हिल जायंट मेला तो खरं तर टर्न कमी पडल्यामुळे. 2014 च्या नियमांत यावर उपाय आहे, लेजेंडरी अॅक्शन: एखाद्या खेळाडूची टर्न संपली की राक्षसाला छोटीशी हालचाल करता येते, राउंडमध्ये एकूण तीन वेळा. थोरलीसाठी तीन हालचाली पुरेत: शेपटीचा फटकारा, अंग झाडणं (पाठीवरच्याने पकड टिकवायची तपासणी द्यायची, म्हणजे फासा टाकून पकड टिकते का ते बघायचं), आणि कड्यावर चाळीस फूट सरकणं. सरकणं विसरू नका. जागेवर उभं राहून मार खाणारा राक्षस कितीही मोठा असला तरी खांबासारखा वाटतो.

दुसरा धोका जादूचा. एकाच मंत्राने जनावर गुंगलं की लढाई तिथेच संपते. बड्या राक्षसांना म्हणून लेजेंडरी रेझिस्टन्स असतो: हुकलेली तपासणी राक्षस सरळ यशस्वी ठरवतो. विझार्ड खेळणाऱ्याला हे फार लागतं, त्याचा मंत्र हवेत विरून जातो. मी तिथे किंमत लावते. थोरली मंत्र झटकते, पण त्या धडपडीत तिचा एक पाय कड्यावरून सुटतो. मंत्र फुकट जात नाही आणि वर कुठे आहे तेही खेळाडूंना दिसतं.

राक्षसाकडे प्रत्येक प्रकारच्या हल्ल्याला उत्तर आहे का, हेही तपासा. टॅरास्क हा या गेममधला सगळ्यात भयंकर प्राणी: चॅलेंज रेटिंग (किती अवघड तो आकडा) 30, आर्मर क्लास 25, हिट पॉइंट 676. पण 2014 च्या पुस्तकातल्या टॅरास्कला उडता येत नाही आणि लांबचा एकही हल्ला नाही. पार्टीला उडता येत असेल आणि हातात जादूची धनुष्यं असतील, तर ते वरून बाण मारत राहतात आणि हा महाकाय खाली नुसता फिरत राहतो. त्याचं नाव आलंय फ्रान्समधल्या तारास्कों गावच्या दंतकथेतून. त्या कथेत संत मार्थाने तारास्कला प्रार्थनेने शांत केलं, आपल्या कमरपट्ट्याने बांधलं आणि गावात आणलं. म्हणजे मूळ कथेत पळवाट होती, गेममध्ये येताना ती गळली आणि आकडे उरले. थोरलीला लांबचा हल्ला हवा म्हणून शेपटीने कड्याचे धोंडे उडवायची सोय ठेवा.

सहावी पायरी: कड्यावरची बाईसाहेब

जनावर खलनायक नसतं. त्याला भूक असते, हेतू नसतो. कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीला, हेतू असलेलं माणूस लागतं आणि ते राक्षसाच्या शेजारीच बसवा. आपल्या गोष्टीत गडाची किल्लेदारीण आहे, गाव तिला बाईसाहेब म्हणतं. वेढ्यात तिचा नवरा आणि दोन मुलगे गेले. त्यानंतर तिने थोरलीशी करार केला: दर अमावास्येला खाणं, त्या बदल्यात गडावर कोणी चढणार नाही. वीस वर्षं कोणी चढलेलं नाही. खालचं गाव वीस वर्षं लुटलं गेलेलं नाही, हेही खरं आहे. ही बाई चुकीची का आहे हे सांगायला खेळाडूंना थोडा विचार करावा लागला पाहिजे.

मग तिचं वेळापत्रक लिहा, नायक आलेच नाहीत असं समजून. या अमावास्येला शेळ्या. पुढच्या अमावास्येला बैल, कारण शेळ्या संपल्या. तिसऱ्या अमावास्येला, पाळी. खेळाडू भलतीकडे भटकले तरी तारखा पुढे सरकत राहतात.

लढाईआधी तिची आणि खेळाडूंची किमान दोनदा भेट घडवा, शक्यतो अशा ठिकाणी जिथे तलवार काढणं शोभणार नाही: पंगतीत, देवळात, कोणाच्या दहाव्याला. राक्षसीपणाची खूण एकच आणि छोटी ठेवा. ती सकाळी उन्हात बसल्याशिवाय कोणाशी बोलत नाही. चतुर खेळाडू तिसऱ्या सेशनला दचकेल.

टेबलावर बसल्यावर

मिनिएचर, म्हणजे राक्षसाची छोटी मूर्ती, विकत घ्यायची गरज नाही. नकाशावर एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट. नियमांतला सगळ्यात मोठा आकार, गार्गँच्युअन, किमान चार बाय चार चौकोनांचा असतो. नऊ इंची पोळपाट ठेवला की ते झालं 45 फुटांचं धड, आणि त्याला टेकवून ठेवलेलं फूटभर लाटणं म्हणजे साठ फूट शेपटी. चार पायांना चार वाट्या. पकड सुटली की वाटी उलटी करायची. चिमुकल्या सोंगट्यांशेजारी तो पोळपाट येतो तेव्हा टेबलावर जी शांतता पसरते ती मी प्रत्येक वेळी अनुभवली आहे.

कॅम्पेन सुरू होण्याआधी प्रत्येकाला एकट्याने विचारून घ्या, कोणत्या गोष्टीची खरोखर भीती किंवा किळस आहे. पाली-सरड्यांनी कोणाची झोप उडत असेल तर थोरलीचं खेकड्यात रूपांतर करायला एक संध्याकाळ पुरते. त्या माणसाला सगळ्यांसमोर कारण विचारू नका.

तुमची थोरली मराठीत लिहून इतरांना द्यावीशी वाटली तर खुशाल द्या. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे 2014 चे मूळ नियम सांगणारा एसआरडी 5.1 हा दस्तऐवज जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे; श्रेय दिलं की त्यावर आधारलेलं साहित्य कोणत्याही भाषेत काढता येतं.

सातवी पायरी: ती मेल्यावर

बहुतेक मार्गदर्शकांत ही पायरी नसते. चाळीस टनांचं जनावर नदीपात्रात पडलं आहे. पाणी अडलंय, दोन दिवसांत वास सुटेल, खालच्या तीन गावांचं पिण्याचं पाणी तेच आहे. खवल्यांसाठी व्यापारी येतील. वीस वर्षं गडाकडे न फिरकलेला शेजारचा सरदार बातमी ऐकून घोडे कसायला सांगेल. बाईसाहेब जिवंत असतील तर त्या दरवाजा उघडून खाली येतील आणि खेळाडूंना एकच प्रश्न विचारतील, आता गावाची राखण कोण करणार. त्यांचं उत्तर काय येतं ते ऐका आणि पुढच्या सेशनची वही तिथून सुरू करा. घोरपड अंडी जमिनीत पुरून ठेवते, हे त्यांना आत्ताच सांगायची घाई नाही.